शिळा समुद्र : मत्स्यालयातील जुन्या खाऱ्या पाण्याचा इतिहास

१/२०
इ. स. १८४६ची अखेर. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या परिसरातील एका घरात एक मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी आहे. एका भांड्यातले पाणी ती दुसऱ्या भांड्यात ओतते, दुसऱ्यातले पुन्हा पहिल्यात. अर्धा-पाऊण तास हेच चालते. पाणी साधे नाही. ते समुद्रावरून आणलेले आहे आणि एकदा वापरून झालेले आहे. टाकून द्यावे तर नवे आणणे सोपे नाही. म्हणून त्या शिळ्या समुद्रात पुन्हा प्राण फुंकण्याचा हा खटाटोप. मत्स्यालयांचा इतिहास एरवी मासे, प्रवाळ आणि काचेच्या टाक्या यांच्या अंगाने सांगितला जातो. या मालिकेत तो पाहायचा आहे, वापरून झालेल्या पाण्याच्या अंगाने.

२/२०
समुद्राचे पाणी टाकीत भरले की त्या क्षणापासून ते जुने होऊ लागते. त्यातील जीव प्राणवायू घेतात, मलमूत्र सोडतात. उरलेले अन्न कुजते. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते, त्यामुळे खारेपणा वाढत जातो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याची चिंता नसते: घागरभर पाणी ओतून द्यावे, घागरभर आणावे. परंतु लंडनपासून ब्रायटनचा किनारा सुमारे ८० किलोमीटर दूर. एका ब्रिटिश गॅलनचे, म्हणजे साडेचार लिटरांचे, समुद्रपाणी साडेचार किलोंहून जड. शंभर गॅलन म्हणजे जवळजवळ अर्धा टन ओझे. तेव्हा जुन्या पाण्याचे काय करावे, हा प्रश्न या छंदाच्या जन्माबरोबरच जन्माला आला.

३/२०
त्या घराची मालकीण होती ॲना थिन. तिचे पती लॉर्ड जॉन थिन हे ॲबीचे उपअधिष्ठाता. १८४६च्या शरदात डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे तिला जिवंत प्रवाळ दिसले आणि तिने ते लंडनला न्यायचे ठरवले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला शिवले आणि पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेवले. घरी आल्यावर ती एक दिवसाआड पाणी बदलत असे. मात्र किनाऱ्यावरून मागवलेले पाणी पुरेना. मग तेच पाणी पुन्हा वापरण्यासाठी ते उंचावरून ओतून हवेत खेळवण्याची युक्ती निघाली. पाण्याच्या धारेत हवा मिसळते, प्राणवायू परत येतो, हे तिच्या लक्षात आले होते.

४/२०
पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, तिने किनाऱ्यावरून जिवंत समुद्रवनस्पती मागवल्या आणि त्या प्रवाळांच्या सोबतीला ठेवल्या. मोलकरणीचे काम आता वनस्पती करू लागल्या. उजेडात त्या प्राणवायू सोडत, प्राणी तो घेत. तिचा हा छोटा समुद्र जवळजवळ तीन वर्षे टिकला. तिच्या निरीक्षणांची टिपणे छापून येण्यास १८५९ उजाडले. समुद्रापासून दूर, शहरातल्या बैठकीच्या खोलीत, समुद्रजीव दीर्घकाळ जगवण्याचा हा पहिल्या यशस्वी प्रयोगांपैकी एक. त्याचे मर्म जुने पाणी वाचवण्यात होते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते.

५/२०
याच सुमारास लंडनमधील एक रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होता. रॉबर्ट वॉरिंग्टनने १८४९ मध्ये गोड्या पाण्याच्या पात्रात सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. काही काळाने कुजकी पाने आणि बुळबुळीत शेवाळ यांनी पाणी गढूळ झाले. त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाऊन टाकले आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती, प्राणी आणि घाण खाणारा जीव यांचा मेळ जमला तर पाणी बदलावेच लागणार नाही, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पुढे खाऱ्या पाण्यावरही त्याने हेच प्रयोग केले.

६/२०
या आशेला घराघरांत नेले ते निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस याने. १८५४ मध्ये त्याचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. समुद्रपाणी कसे मिळवावे याबद्दल गॉसचा सल्ला मोठा व्यवहारी होता. थेम्सच्या मुखापलीकडे जाणाऱ्या आगबोटीच्या कप्तानाला किंवा कारभाऱ्याला थोडे पैसे द्यावेत आणि नद्यांच्या पाण्यापासून दूर, खुल्या समुद्रात पिंप भरून आणण्यास सांगावे. पिंप नवे हवे, कारण जुन्या पिंपातील दारूचा किंवा रसायनाचा अंशही जीवघेणा ठरे. ओक लाकडाचा कसही पाण्यात उतरतो, म्हणून तेही टाळावे. एवढ्या सायासाने आलेले पाणी कोण सहजी ओतून देईल?

७/२०
तरीही प्रत्येकाला बोटीचा कप्तान ओळखीचा नसतो. त्याच वर्षी गॉसने कृत्रिम समुद्रपाण्याची कृती प्रसिद्ध केली. ब्रायटनजवळील समुद्रपाण्याचे रासायनिक पृथक्करण आधीच झालेले होते. त्याच्या आधारे त्याने साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार गोड्या पाण्यात मिसळले. प्राणी सोडण्यापूर्वी काही दिवस त्याने त्यात हिरवी समुद्रवनस्पती ठेवली. नव्या पाण्याला मुरण्यासाठी वेळ द्यावा लागतो, ही जाण त्यात होती. आता समुद्र पुड्यांतून मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पाणी बदलण्याची भीती कमी झाली, आणि पाणी टाकण्याची सवय लागण्याची पहिली पायरीही हीच.

८/२०
मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती, आणि गॉसची पुस्तके हातोहात खपत होती. मध्यमवर्गीय घरांत समुद्रफुलांच्या आणि खेकड्यांच्या टाक्या आल्या. विल्यम अल्फर्ड लॉइड नावाच्या एका स्वशिक्षित माणसाने पोर्टलंड रोडवर केवळ ॲक्वेरियमच्या वस्तूंचे दुकान थाटले. १८५८ मध्ये त्याने काढलेल्या सचित्र सूचीत टाक्यांपासून जिवंत समुद्रजीवांपर्यंत आणि समुद्रपाण्यापर्यंत सर्व काही होते. समुद्र आता किमतीसह छापला जात होता.

९/२०
परंतु पुस्तकातला समतोल दिवाणखान्यात क्वचितच साधे. खिडकीतून ऊन आले की पाणी हिरवे होई. एक शिंपला मेला की रात्रीत दुर्गंधी सुटे. हौशी मंडळी जीव फार ठेवत, अन्न फार घालत आणि शेवटी सगळेच पाणी मोरीत ओतत. ती मोरी जाई गटारात आणि गटार थेम्समध्ये. १८५८च्या उन्हाळ्यात याच नदीच्या दुर्गंधीने लंडनचे लोक हैराण झाले, त्यालाच ‘ग्रेट स्टिंक’ म्हणतात. अर्थात ती घाण लाखो माणसांच्या मैल्याची होती, मत्स्यालयांचा वाटा त्यात नगण्य. तरी त्या काळाची वृत्ती त्यातून दिसते: जे नकोसे झाले ते पाण्यात सोडावे, पुढचे वाहते पाणी पाहून घेईल.

१०/२०
पाणी टाकायचे कसे यापेक्षा ते मुळात बिघडते का, हा प्रश्न लॉइडने धरून ठेवला. हिरवे झालेले समुद्रपाणी झाकून अंधारात ठेवले की काही काळाने ते आपोआप निवळते, हे अनुभवाचे होते. पाणी हिरवे करणारी सूक्ष्म शेवाळे उजेडावर जगतात, अंधारात ती मरून तळाशी बसतात. एडवर्ड एडवर्ड्स या वेल्समधील गृहस्थाने उतरत्या पाठीची टाकी बनवून तिच्यामागे पाण्याचा एक अंधारा कप्पा ठेवला होता. लॉइडने तोच विचार मोठ्या प्रमाणावर नेला. टाकीतले पाणी टाकून देऊ नये, त्याला विश्रांतीसाठी अंधाऱ्या, गार हौदात पाठवावे आणि ताजेतवाने झाल्यावर परत बोलवावे, असे त्याचे सूत्र होते.

११/२०
दुकान बुडाले, पण विचार तरला. लॉइड जर्मनीत हॅम्बर्ग येथे गेला. तेथील प्राणिसंग्रहालयात १८६४ मध्ये मत्स्यालय उघडले आणि त्याचा कारभार त्याने पाहिला. त्यानंतर लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये त्याच्या योजनेनुसार भव्य मत्स्यालय उभे राहिले. प्रेक्षकांना दिसत होत्या त्या टाक्या. न दिसणारा भाग जमिनीखाली होता: प्रदर्शनातील टाक्यांच्या कित्येक पट पाणी मावेल एवढा अंधारा हौद. वाफेच्या इंजिनांवर चालणारे पंप अहोरात्र ते पाणी वर चढवत, आणि ते टाकीमागून टाकीत वाहत पुन्हा हौदात उतरे.

१२/२०
या रचनेतील बारकावे आजही थक्क करतात. तांबे, शिसे, जस्त हे धातू खाऱ्या पाण्यात विरघळून जीवांना विष होतात, म्हणून पंप आणि नळांसाठी लॉइडने व्हल्कनाइट, म्हणजे गंधकाने कडक केलेले रबर, वापरण्याचा आग्रह धरला. एक पंप बंद पडला तर दुसरा हजर असे. बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडे तेवढेच गोडे पाणी वर घातले जाई, कारण मीठ उडून जात नाही. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२७च्या आसपास राखले जाई. ताजे समुद्रपाणी जुन्यापेक्षा चांगले असते हा समजच लॉइडला मान्य नव्हता. नीट फिरवलेले आणि नीट राखलेले पाणी वर्षानुवर्षे चालते, असे त्याचे ठाम मत होते.

१३/२०
ही कल्पना युरोपभर पसरली. आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये नेपल्सला सागरी संशोधन केंद्राची स्थापना केली. १८७४ मध्ये तेथील मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले. त्याच्या जलव्यवस्थेसाठी सल्ला लॉइडचाच होता. समुद्र अगदी दाराशी असूनही! बर्लिनला तर समुद्र जवळही नव्हता. तेथे १८६९ मध्ये उंटर डेन लिंडन या राजमार्गावर मत्स्यालय उघडले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ ओटो हेर्मेसने बनवलेले कृत्रिम समुद्रपाणी कामी आले. एका ठिकाणी समुद्र होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. पाणी जपून फिरवायचे, हा धडा दोन्हीकडे सारखाच होता.

१४/२०
अंधारा हौद नेमके काय करतो, हे लॉइडच्या पिढीला पुरते कळलेले नव्हते. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाण्यावरील प्रयोगातून दाखवले की अमोनियाचे नायट्रेट होण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्कीने ते जीवाणू वेगळे काढले. माशांच्या मलातील अमोनिया विषारी असतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हौदाच्या भिंती, वाळू, नळांचा आतला पृष्ठभाग, सगळीकडे त्यांची वस्ती असते. म्हणजे ‘जुने’ झालेले मत्स्यालय हे खरे तर वसलेले गाव होते. सगळे ओतून, घासून, धुऊन नव्याने भरणारा हौशी माणूस प्रत्येक वेळी ते गाव उठवत होता.

१५/२०
समुद्रपाण्याची किंमत विसाव्या शतकातही कळून येई. अमेरिकेत शिकागोच्या शेड मत्स्यालयासाठी १९३०च्या सुमारास फ्लोरिडातील की वेस्टहून दहा लाख गॅलन समुद्रपाणी रेल्वेने आणले गेले. वीस टाकी-वाघिणींच्या आठ फेऱ्या झाल्या. सुमारे अडतीस लाख लिटर समुद्राने अर्ध्या खंडाचा प्रवास केला. असे पाणी आठवड्याला बदलण्याचा विचारही कोणी करणार नाही. ते गाळायचे, थंड किंवा उबदार करायचे आणि पुन्हा फिरवायचे. अंतर जेवढे अधिक, काटकसर तेवढी कडक.

१६/२०
मग चित्र पालटले. १९६०च्या दशकात तयार समुद्रक्षारांच्या पिशव्या बाजारात स्थिरावल्या. प्लॅस्टिकची नळी, विजेचा छोटा पंप आणि क्षारांची पिशवी एवढ्यावर कुठल्याही शहरात समुद्र उभा करता येऊ लागला. साठत जाणाऱ्या नायट्रेटवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर काही दिवसांनी थोडे पाणी काढून नवे घालणे. दहा टक्के पाणी बदलले की साठलेल्या नायट्रेटपैकी दहा टक्के जाते, हिशेब सरळ आहे. ही पद्धत जीवांच्या हिताचीच होती. पण तिच्यामुळे घरोघरी नियमितपणे बादलीभर शिळा समुद्र उरू लागला, आणि तो कुठे जातो याचा विचार करण्याचे आर्थिक कारण संपले.

१७/२०
या बेफिकिरीची किंमत भूमध्य समुद्राने मोजली. ‘कॉलर्पा टॅक्सिफोलिया’ ही उष्ण प्रदेशातली गर्द हिरवी, पिसासारखी शेवाळवनस्पती. तिचा थंडी सोसणारा एक वाण युरोपातील मत्स्यालयांत टाक्यांची शोभा म्हणून वाढवला जात होता, आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत दिला जात होता. १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाच्या खिडक्यांखाली, समुद्राच्या तळावर, तिचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. १९८९ पर्यंत तो हेक्टरभर झाला. नीस येथील आलेक्झांद्र मेनेझ या शैवालतज्ज्ञाने धोक्याची सूचना दिली. वनस्पती मत्स्यालयातून आली की निसर्गतः, यावर वर्षानुवर्षे कडवट वाद झाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात समुद्रातील आणि मत्स्यालयांतील वाण जुळले.

१८/२०
तोवर वेळ गेली होती. २००० सालाच्या अखेरीस स्पेन, फ्रान्स, मोनॅको, इटली, क्रोएशिया आणि ट्युनिशिया या सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर तळ तिने बाधित केला होता. तिचा लहानसा तुकडाही नव्याने रुजतो. तिच्यातील विषारी द्रव्यामुळे बहुतेक शाकाहारी जीव तिला तोंड लावत नाहीत. पोसिडोनिया या सागरी गवताच्या कुरणांत, जेथे माशांची पिल्ले वाढतात, तेथे तिने ठाण मांडले. पुढे अनेक ठिकाणी ती आपोआप ओसरली, पण ते कोणाच्या योजनेचे यश नव्हते. मत्स्यालयाच्या पाण्यातून सुटलेला एक तुकडा काय करू शकतो, हे मात्र जगाला कळून चुकले.

१९/२०
जून २००० मध्ये तीच वनस्पती कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडजवळच्या ॲग्वा हेडियोंडा खाडीत सापडली, त्याच उन्हाळ्यात हंटिंग्टन हार्बर येथेही. बहुधा कोणीतरी घरगुती टाकी रिकामी केली होती. या वेळी वादात वर्षे घालवली गेली नाहीत. पाणबुड्यांनी झुडपांवर काळ्या ताडपत्र्या अंथरल्या, त्यांच्या कडा बंद केल्या आणि आत क्लोरीन सोडले. २००१ मध्ये राज्याने कॉलर्पाच्या नऊ जाती बाळगण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. २००६ मध्ये ती समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. खर्च सत्तर लाख डॉलर्सहून अधिक. तरी २०२१ मध्ये तिचीच एक बहीण, ‘कॉलर्पा प्रोलिफेरा’, त्याच राज्यातील न्यूपोर्ट बे येथे आढळली. ओतून दिलेली टाकी इतिहासजमा झालेली नाही.

२०/२०
म्हणून आज जाणकारांचे नियम साधे आहेत. जुने खारे पाणी समुद्रात, नदीत, ओढ्यात किंवा पावसाळी गटारात ओतू नये. बागेतही नाही, कारण मीठ मातीत साठते आणि झाडांची मुळे पाणी ओढू शकत नाहीत. ते शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळातच सोडावे. शेवाळाचे तुकडे आधी गोठवून किंवा वाळवून मारावेत आणि कचऱ्यात टाकावेत. आणि टाकण्यापूर्वी त्या पाण्यात गाळणीचा स्पंज पिळून धुवावा, म्हणजे नळाच्या क्लोरीनने उपयुक्त जीवाणू मरत नाहीत. जुन्या पाण्याचा हा अखेरचा उपयोग ॲना थिनलाही पसंत पडला असता.

गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिले आहे की वडिलांच्या पुस्तकांनी वेडावलेल्या हौशी संग्राहकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून ओसाड केली, आणि त्याचे दुःख वडिलांना शेवटपर्यंत होते. एकोणिसाव्या शतकाने समुद्रातून हवे ते उचलले. विसाव्याने नको ते त्यात सोडले. या दोहोंच्या मध्ये उघड्या खिडकीपाशी उभी असलेली ती मोलकरीण आहे. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तेच तेच पाणी ती पुन्हा पुन्हा ओतत राहिली, पण घराबाहेर मात्र तिने ते कधी जाऊ दिले नाही.